पोथीतील आशंका आणि तिचे समाधान

एखादी कथा लोकांस अतिशय प्रिय झाली म्हणजे ती संपली हे त्यांस खरे वाटत नाही. मूळ कर्त्याने जेथे लेखणी ठेविली तेथून पुढे, किंवा त्याने मोकळ्या सोडलेल्या दोन प्रसंगांच्या मधल्या जागेत, दुसरा कोणी नवा अध्याय रचितो. तो ऐकणारे मूळ कथेचे रचणाऱ्याइतकेच जाणकार असतात. ते त्यास अडवितात, प्रश्न विचारितात, आणि त्या प्रश्नांस उत्तर दिल्यावाचून त्यास पुढे जाता येत नाही. इंग्रजीत अशा रचनेस ‘फॅन फिक्शन’ म्हणतात. अद्भुत व वैज्ञानिक कल्पितकथांच्या वाचकवर्गात तिचा विशेष प्रसार झाला. ‘स्टार ट्रेक’ या अमेरिकन दूरचित्रवाणी-मालिकेच्या चाहत्यांनी १९६७ मध्ये काढलेले ‘स्पॉकॅनेलिया’ हे हौशी नियतकालिक तिच्या आरंभीच्या ठळक खुणांपैकी एक होय. मराठीत तिला ‘अनुकथा’ म्हणण्यास हरकत नसावी.

नाव नवे असले तरी वस्तू नवी नाही. रायगड जिल्ह्यातील पेण आणि रोहे या तालुक्यांत, म्हणजे १९८१ पूर्वीच्या कुलाबा जिल्ह्याच्या मध्यभागात, श्रावण महिन्यात पोथी लावण्याची जी जुनी चाल आहे, तिच्यात अनुकथा, तिचे श्रोते आणि तिचा जाब देणारा वक्ता हे तिन्ही घटक एका ठिकाणी पाहावयास मिळतात. धार्मिक आचार म्हणून या चालीकडे पुष्कळांचे लक्ष गेले आहे. तिच्यातील संभाषणाचा भाषिक विचार हा येथे विषय आहे.

पेण हे भोगावतीच्या आणि रोहे हे कुंडलिकेच्या काठचे गाव. दोहोंच्या मध्ये नागोठण्यावरून अंबा नदी धरमतरच्या खाडीकडे जाते. खाडीकाठची खारी जमीन, भातशेती, मासेमारी आणि एके काळची मिठागरे यांवर येथील वस्ती पोसली. मिठाच्या आगरांवरूनच आगरी या समाजनामाची व्युत्पत्ती सांगण्यात येते. श्रावणात भाताची लावणी उरकलेली असते. मासेमारीही पावसामुळे मंदावलेली असते. अशा वेळी देवळात किंवा एखाद्याच्या ओटीवर रात्री पोथी बसते. श्रीधराचे ‘हरिविजय’, ‘रामविजय’ व ‘पांडवप्रताप’ आणि मालुकवीचा ‘नवनाथ भक्तिसार’ हे ग्रंथ यासाठी प्रिय आहेत. (श्रोतृवर्गासमोर ग्रंथ उलगडून सांगण्याची आवड या दोन तालुक्यांच्या मातीतच असावी असे म्हणण्याचा मोह होतो. धुळ्याच्या तुरुंगात १९३२ साली गीतेवर प्रवचने देणारे विनोबा पेण तालुक्यातील गागोद्याचे, आणि पांडुरंगशास्त्री आठवले यांचा जन्म १९२० मध्ये रोह्याचा. परंतु अशा योगायोगावर सिद्धान्त उभारणे बरे नव्हे.)

बैठकीची रचना लक्षात घेण्याजोगी आहे. पोथीची पाने सुटी असतात. वाचक ओवी चालीवर म्हणतो आणि थांबतो; त्याच्या शेजारचा दुसरा मनुष्य तिचा अर्थ सांगतो. वाचणारा आणि सांगणारा ही दोन कामे बहुधा दोन व्यक्तींकडे असतात, आणि ती दोन निरनिराळ्या भाषारूपांत चालतात. श्रीधराची ओवी सतराव्या-अठराव्या शतकांच्या संधिकाळातील ग्रांथिक मराठीत आहे. सांगणाऱ्याचे बोलणे, गाव आगरी असेल तर, आगरी बोलीत असते. ज्या बोलीत ‘घोडा’ हा ‘घोरा’ होतो, ‘पाणी’ हे ‘पानी’ होते आणि ‘काळा’ हा ‘काला’ होतो, त्या बोलीत अश्वमेधाचा घोडा गावात येतो तेव्हा तो ओळखीचा होऊन येतो. मात्र सांगणारा हा केवळ दुभाषी नव्हे. ओवीत जे आहे त्याचा अर्थ तो सांगतोच. शिवाय ओवीत जे नाही त्याविषयी श्रोत्याने विचारले तर त्याचेही उत्तर त्यालाच द्यावे लागते. कर्ता अडीचशे-तीनशे वर्षांपूर्वी निघून गेलेला असतो. त्याच्या वतीने सांगणारा उत्तरदायी असतो.

हे उत्तरदायित्व कसे पार पडते ते एका प्रसंगावरून स्पष्ट होईल. अहिरावण-महिरावणांचे आख्यान वाल्मीकिरामायणात नाही. राम-लक्ष्मणांस पाताळात पळवून नेतात, मारुती त्यांच्या शोधार्थ तेथे जातो, द्वारावर त्याला मकरध्वज नावाचा वीर अडवितो, आणि तो मारुतीचाच पुत्र निघतो, ही सर्व कथा मागाहून वाढलेली आहे. तरीही मराठी श्रोत्यांस ती मूळ युद्धाइतकीच प्रिय असून ‘रामविजया’त तिला स्थान मिळालेले आहे. अनुकथेचे याहून उत्तम उदाहरण शोधूनही सापडावयाचे नाही. मूळ कथेतील पात्रे तीच, त्यांचे स्वभाव तेच. स्थळ तेवढे नवे, आणि एक नवे पात्र.

पण हे नवे पात्रच अडचणीचे आहे. मारुती आजन्म ब्रह्मचारी. हे ओटीवर बसलेले पोरही जाणते. तेव्हा ‘मारुती त ब्रह्मचारी, मंग त्याला पोऱ्या कसा झाला?’ अशा आशयाची आशंका उठल्यावाचून राहत नाही. कथेतही ती प्रथम मारुतीच्याच तोंडी येते. आपणास पुत्र असणे शक्य नाही, असे तो त्या वीरास बजावितो. म्हणजे श्रोत्याच्या मनातला प्रश्न श्रोत्याने विचारण्यापूर्वीच नायकाकडून विचारला जातो. मग उत्तर येते: लंकादहनानंतर मारुतीच्या अंगावरून घामाचा थेंब समुद्रात पडला, तो एका जलचर मादीने गिळला आणि तिच्या पोटी मकरध्वज जन्मला. ब्रह्मचर्य अखंड राहिले आणि पुत्रही झाला.

हे समाधान सुबक का वाटते याचा विचार केला पाहिजे. त्यात बाहेरून काही आणलेले नाही. लंकादहन मूळ कथेत आहेच. जळणारे शेपूट विझविण्यासाठी मारुती समुद्राशी गेला हेही सर्वांस ठाऊक आहे. आगीजवळून आलेल्याला घाम येणारच. नव्या अध्यायाला लागणारी सामग्री जुन्या अध्यायातच पडून होती, रचणाऱ्याने ती फक्त उचलली. श्रोत्यास आपण फसविले गेलो असे वाटत नाही. उलट, हे आपल्या ध्यानात कसे आले नाही, असे वाटते. आर्थर कॉनन डॉइल याने १८९३ मध्ये शेरलॉक होम्सचा कडेलोट केला आणि वाचकांच्या नाराजीनंतर १९०३ मध्ये त्यास परत आणिले, त्या वेळी होम्स एका जपानी मल्लविद्येच्या ज्ञानामुळे वाचला, असा खुलासा त्याने दिला. त्या विद्येचा मागे कोठे उल्लेख नव्हता. घामाच्या थेंबापुढे तो खुलासा फिका वाटतो.

त्या जलचर मादीविषयी मात्र खाडीकाठच्या श्रोत्याचे समाधान सहज होत नाही. संस्कृत ‘मकर’ हा एक कल्पित सागरी प्राणी. त्याची आकृती देवळांच्या मकरतोरणांवर दिसते. त्याच शब्दापासून आलेला मराठी ‘मगर’ हा मात्र नदीतला खरा प्राणी आहे. कथा सांगताना कोणी मगर म्हणतो, कोणी मासळी. जो रोज मासळीत हात घालतो त्याच्या दृष्टीने हा भेद क्षुल्लक नाही. जाळ्यात काय येते आणि काय येत नाही हे तो जाणतो. सांगणाऱ्याला येथे शब्दाची निवड करावी लागते, आणि त्या निवडीबरोबर कथाही किंचित बदलते. जाता जाता एक गोष्ट नमूद करावीशी वाटते. संस्कृतात ‘मकरध्वज’ हे मदनाचे प्रसिद्ध नाव आहे. ब्रह्मचाऱ्याच्या मुलाला मदनाचे नाव मिळावे ही गंमत आख्यान रचणाऱ्याच्या ध्यानात होती, की ‘मकर’ या पदावरून जन्मकथा सुचली आणि दुसरा अर्थ तसाच राहून गेला, हे ठरविणे कठीण आहे. ज्यांना ज्यांना संस्कृत येत होते, ते मनात हसले असतील.

आशंकेला उत्तर देण्याचा मार्ग हा एकच नव्हे. दुसरा मार्ग आधाराचा. श्रीधराच्या पोथ्यांत प्रत्येक अध्यायाच्या समाप्तीच्या ओवीत ‘संमत’ असा एक शब्द येतो आणि त्याच्याशी आधारग्रंथांची नावे जोडलेली असतात. ‘हरिविजया’त ती हरिवंश आणि भागवत अशी आहेत. ‘रामविजया’त वाल्मीकीबरोबर ‘नाटका’चाही निर्देश आहे. ही जोड अर्थपूर्ण होय: जे वाल्मीकीत सापडणार नाही त्याच्यासाठी दुसरे दार आधीच उघडे ठेविलेले आहे. १८१९ च्या ‘नवनाथ भक्तिसारा’त हीच पद्धत दिसते, तेथे ‘गोरक्षकिमयागार’ या ग्रंथाची संमती सांगितलेली आहे. व्याकरणदृष्ट्या ‘संमत’ हे कर्मणि धातुसाधित आहे. कोणी संमती दिली याचा त्यात उल्लेख नसतो. संमती झालेली आहे एवढेच कळते. पुढे त्याच ओवीत श्रोत्यांस उद्देशून ‘परिसोत’ असे तृतीयपुरुषी इच्छार्थक रूप येते. ‘ऐका’ अशी ती आज्ञा नव्हे. ‘ऐकोत’ अशी ती इच्छा आहे. आरंभी व मध्ये कवी श्रोत्यांस प्रत्यक्ष संबोधून सावध करितो; समाप्तीस मात्र त्यांच्याविषयी असा दूरस्थ, आर्जवी प्रयोग करितो. ग्रंथाची संमती वर सांगून झाली, श्रोत्यांची अजून मिळावयाची आहे, असा या दोन रूपांतील भेदाचा अर्थ लावता येईल.

तिसरा मार्ग कल्पभेदाचा. निरनिराळ्या कल्पांत राम निरनिराळा अवतरला, म्हणून कथाही निरनिराळ्या. आणि मूळ रामायण शतकोटी श्लोकांचे असून वाल्मीकीचे चोवीस हजार हा त्याचा अल्प अंश. अशी भूमिका घेतली म्हणजे कोणताही नवा अध्याय खोटा ठरत नाही. तो उरलेल्या कोट्यवधी श्लोकांत कोठेतरी असलाच पाहिजे. ‘अध्यात्मरामायणा’त तर सीता स्वतः या युक्तिवादाचा उपयोग करिते. राम तिला वनात नेण्यास नकार देतो तेव्हा, आजवर पुष्कळ रामायणे ऐकण्यात आली, त्यांपैकी कोणत्यात सीतेवाचून राम वनात गेला, असे ती त्यास विचारते. पात्राने आपल्याच कथेच्या इतर पाठांचा दाखला द्यावा, आणि तोही आपल्या हक्कासाठी, ही कल्पना विसाव्या शतकातील कोणत्याही प्रयोगशील कादंबरीकारास मानवली असती. मात्र ओटीवरच्या चर्चेत कल्पभेद हे शेवटचे शस्त्र होय. जो सांगणारा पहिल्याच प्रश्नाला कल्पभेद पुढे करितो, त्याला उत्तर येत नाही असेच श्रोते समजतात. आणि त्यांचे बरोबर असते. सर्व प्रश्नांस लागू पडणारे उत्तर हे कोणत्याही एका प्रश्नाचे उत्तर नसते.

श्रोत्याने वक्त्यास अडविण्याची ही रीत श्रीधराच्या काळाहून जुनी आहे. ज्ञानेश्वरीत निवेदन विषयांतराकडे किंवा स्तुतीकडे वळले की श्रोते, अथवा श्रीगुरू, मध्येच बोलतात आणि मूळ विषयाकडे येण्यास सांगतात. महानुभावांनी लीळाचरित्राची पुनर्जुळणी स्मरणाच्या आधारे केली, तेव्हा एकाच लीळेचे भिन्न पाठ ‘वासना’ या नावाने ज्याचे त्याच्याकडे ठेवून नोंदविले. कोणता पाठ खरा याचा निकाल न लावता कोणाचा पाठ कोणता एवढे सांगण्याचा हा प्रामाणिकपणा आजच्या संपादकांसही अनुकरणीय आहे.

येथे कर्तृत्वाचा प्रश्न येतो. १६०५ मध्ये ‘डॉन किहोटे’चा पहिला भाग प्रसिद्ध झाल्यावर, १६१४ मध्ये दुसऱ्याच कोणी आवेयानेदा या टोपणनावाने त्याचा उत्तरभाग छापिला. सर्व्हांतेस इतका संतापला की १६१५ मधील आपल्या खऱ्या दुसऱ्या भागात त्याने नायकाला तो खोटा ग्रंथ पाहावयास लाविला आणि त्यातील वर्णन खोटे पडावे म्हणून सारागोसाला जाणाऱ्या नायकाची वाट बार्सेलोनाकडे वळविली. आता याच्याशेजारी पैठण ठेवावे. एकनाथांचे भावार्थरामायण युद्धकांडाच्या चव्वेचाळिसाव्या अध्यायाशी थांबले. १५९९ मध्ये ते समाधिस्थ झाले. पुढील युद्धकांड आणि उत्तरकांड गावबा या त्यांच्या शिष्याने पुरे केले असे परंपरा सांगते. पुरणपोळीसाठी नाथांच्या घरी राहिलेला, मंदबुद्धी समजला जाणारा हा मुलगा. त्याने आपले नाव घातले नाही. मुद्रा एकनाथांचीच ठेविली. स्पेनमध्ये दुसऱ्याचे नायक घेऊन आपला ग्रंथ करणारा चोर ठरला, पैठणात गुरूच्या नावाने लिहिणारा सेवक ठरला. या भेदाचे कारण केवळ पूर्वेकडील नम्रतेत शोधणे योग्य नाही. सर्व्हांतेसचे वाचक पुस्तक विकत घेत होते, आणि खोट्या भागाने खऱ्याची विक्री बुडत होती. पोथी ऐकणाऱ्यास कर्त्याशी असा व्यवहार नसतो. त्याला पुढे काय झाले ते हवे असते, आणि जे सांगितले जाईल ते पूर्वीच्याशी जुळलेले हवे असते. तरीही गावबाने सही गाळली याचा एक परिणाम झालाच: त्याच्या अध्यायांविषयी आशंका आली तर ती एकनाथांच्या नावावर जमा होते.

याच्या अगदी उलट व्यवहार शक्ती-तुऱ्यात चालतो. कोकणात, आणि रोह्यापासून दक्षिणेकडे विशेषच, जाखडी नाचाबरोबर रंगणारा हा सामना दोन पक्षांचा असतो. शक्तीवाले प्रकृतीला श्रेष्ठ मानतात, तुरेवाले शिवाला. एका शाहिराने पुराणातील एखाद्या प्रसंगातली अडचण सवालात घालावी आणि दुसऱ्याने ती जबाबात सोडवावी, असा हा खेळ आहे. पोथीच्या बैठकीत आशंका नम्रतेने येते. ‘महाराज’ किंवा ‘बुवा’ असे म्हणून, अनेकवचनात. सवालात ती एकवचनी आज्ञार्थाने येते: ‘सांग’. पोथीत श्रोत्याला उत्तर हवे असते; सामन्यात सवाल करणाऱ्याला प्रतिपक्ष निरुत्तर झालेला हवा असतो. परिणामी शाहिरास प्रसंगी जागच्या जागी नवा कथाभाग बेतावा लागतो. तो पुढे टिकतो की नाही हे दुसऱ्या दिवशी गाव त्याविषयी काय बोलते यावर ठरते. गुरूचे नाव येथेही गाण्यात गुंफतात, परंतु शाहीर आपलेही घालतो. चुकले तर कोणाचे, हे सर्वांस कळावे लागते.

या चर्चेतील एका शब्दाकडे भाषाभ्यासकाने थोडे थांबून पाहिले पाहिजे. ओवीत ‘म्हणे’ हे साधे कथनाचे रूप आहे: ‘मारुती म्हणे’ म्हणजे मारुती म्हणाला. आजच्या बोलण्यात ‘म्हणे’ वाक्याच्या शेवटी येऊन ऐकीव माहितीचा निर्देश करिते: ‘मारुतीला मुलगा होता म्हणे’ म्हणजे तसे सांगतात, बोलणारा त्याची जबाबदारी घेत नाही. एकच रूप एका ठिकाणी पात्राच्या तोंडचे शब्द खात्रीने देते, तर दुसऱ्या ठिकाणी खात्री काढून घेते. पोथीच्या बैठकीत ही दोन्ही रूपे एकापाठोपाठ कानावर पडतात. ओवीतले पहिले, सांगण्यातले दुसरे. सांगणारा कोठे ‘म्हणाला’ असे ठामपणे सांगतो आणि कोठे ‘म्हणे’ वर जातो हे टिपले, तर कोणता कथाभाग त्याला ग्रंथातला वाटतो आणि कोणता परंपरेने त्याच्यापर्यंत आलेला, याचा नकाशा काढता येईल. ग्रंथभेदाच्या अभ्यासाला हे साधन हस्तलिखितांपेक्षा कमी महत्त्वाचे नाही.

श्रोत्यांच्या मागणीने कथा पुढे चालू राहण्याचे अलीकडचे मोठे उदाहरण दूरदर्शनवरील ‘रामायण’ मालिकेचे आहे. रामानंद सागर यांची ही मालिका १९८८ च्या जुलैअखेर राज्याभिषेकाच्या टप्प्याशी संपली. उत्तरकांडाची कथा, आणि तिच्याबरोबर वाल्मीकींचे चरित्र, गाळले जाऊ नये यासाठी उत्तर भारतातील वाल्मीकी समाजाच्या सफाई कामगारांनी संप केला आणि पुढे लव-कुशांचा भाग निर्माण झाला. येथे आशंकेचे समाधान वाक्याने झाले नाही, नव्या प्रकरणाने झाले. कोणता अध्याय हवा हे ठरविणारे श्रोते नेहमीच ओटीवरचे निवांत लोक असतात असे नाही, आणि कथेत आपल्याला जागा आहे की नाही हा प्रश्न ज्याला पडतो त्याच्या दृष्टीने उत्तरकांड प्रक्षिप्त आहे काय ही पंडितांची चर्चा दुय्यम ठरते.

पेण-रोह्याच्या गावांपुरते बोलावयाचे तर चिंतेची बाब वेगळीच आहे. मुद्रणाने ओवी स्थिर केली. मुंबईच्या छापखान्यांनी एकोणिसाव्या शतकात काढलेल्या पोथ्यांनी गावोगाव एकच पाठ नेऊन पोहोचविला. त्यामुळे वाचकाचे काम सोपे झाले, सांगणाऱ्याचे मात्र होते तसेच राहिले, कारण त्याचे सांगणे कोठे छापलेले नव्हते. आता ध्वनिमुद्रित पारायणे मिळतात. उत्तम गळ्याने म्हटलेला संपूर्ण अध्याय ध्वनिक्षेपकावरून गावभर ऐकू जातो. पण तो ओवीनंतर थांबत नाही, आणि थांबविला तरी त्याच्या शेजारी उत्तर देण्यास कोणी बसलेले नसते. मकरध्वज जन्मतो, द्वार सोडतो, अध्याय पुरा होतो, आणि मगर की मासळी हा प्रश्न विचारणाऱ्याच्या तोंडातच राहतो.

पोथ्यांच्या प्रती ग्रंथालयांत सुरक्षित आहेत. ज्यांचे संकलन व्हावयास हवे ते सांगणाऱ्यांचे बोलणे होय: आशंका कोणत्या ओवीवर उठली, कोणत्या शब्दांत विचारली गेली, समाधान कथेतून दिले की ग्रंथाच्या नावाने की कल्पभेदाने, आणि विचारणारा त्यावर गप्प बसला की पुन्हा बोलला. यासाठी बैठकीत बसावे लागेल, तेही संपूर्ण श्रावणभर. कारण पहिल्या दोन-चार रात्री परक्या माणसासमोर कोणी शंका काढीत नाही.